तोरणमाळची डाळ

माझं अक्षर किरटं आणि शुद्धलेखन चौथीतलं, त्याची माफी असावी.

शेजारच्या काकू कुणाच्याही घरी गेल्या की चुलीवरच्या डाळीचा दाणा बोटांत दाबून बघत. "दाय शिजनी नही, पोरी. तुन्हं मन लागनं नही." मी मान खाली घाली.

एका महाशिवरात्रीला आम्ही आळीतले सगळे तोरणमाळच्या डोंगरावर गेलो. दुसऱ्या दिवशी उपास सोडायची डाळ काकूंनी स्वतः चढवली. दुपार झाली तरी दाणा कडकच. त्यांनी आधी लाकडांना, मग पाण्याला शिव्या दिल्या.

जंगलखात्याचा रखवालदार म्हणाला, "मावशी, उंचावर पाणी पुरतं तापायच्या आत, लवकर उकळतं, म्हणून डाळीला वेळ लागतो."

"लवकर उकयस ते लवकर शिजाले पाह्यजे ना, भाऊ!"

शेवटी सगळ्यांनी ठेच्याशी भाकरी खाल्ली. मी काकूंपुढं ताट ठेवलं, तर त्यांनी ते मागं सारलं. "मन्हा आज बी उपास शे."