मसाला वेफर्सचं पाकीट

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. आणि आता सांगतेय ते मन हलकं करायला, असं समजू नका. रडायला मी बसलेले नाही.

स्मिता माझी धाकटी जाऊ. जोगेश्वरीत आम्ही सगळे एकाच घरात राहतो. लग्नानंतर वर्षभरात तिला अ‍ॅलर्जी निघाली — चार पायांच्या जनावराचं काहीच चालत नाही. मटण नाही, दूध नाही, जिलेटिन नाही. मासे, कोंबडी चालते. डॉक्टरांनी बजावलं होतं, पाकिटातलं काहीही वाचल्याशिवाय तोंडात घालायचं नाही.

ते वाचायचं काम माझ्याकडे आलं. का? तर मी शाळेत सायन्स शिकवते, केसिन म्हणजे दूध हे मला कळतं. "ताई, बघ ना गं, हे चालेल का?" — सारखं आपलं तेच. घरात रविवारचं मटण बंद झालं. माझ्या तापात कधी उशाशी न बसलेल्या सासूबाई हिची भांडी वेगळी घासू लागल्या. मला वाटायचं, नाटक आहे सगळं. खरंच वाटायचं? की तसं वाटून घ्यायचं होतं?

एका रविवारी सकाळी तिनं मसाला वेफर्सचं पाकीट माझ्यापुढे धरलं. मी मागची बाजू वाचली. मसाल्यात काय काय आहे ते छापलं होतं, त्यात स्पष्ट — मिल्क सॉलिड्स.

"खा गं," मी म्हणाले, "काही नाही यात."

चुकून नाही. घाईत नाही. चष्मा डोळ्यांवर होता.

दुपारपर्यंत काहीच झालं नाही. ती गुणगुणत कपडे वाळत घालत होती, आणि मी मनात म्हणत होते — पकडलं की नाही! चहाच्या वेळी तिच्या अंगावर गांधी उठल्या. मग ओठ सुजले. मग भिंतीला धरून ती खालीच बसली, श्वासाला शिट्टी वाजायला लागली. मी धावत जाऊन रिक्षा आणली. हॉस्पिटल येईपर्यंत तिनं माझा हात सोडला नाही.

तिथे डॉक्टर म्हणाले, या अ‍ॅलर्जीत त्रास पाच-सहा तासांनीही उठतो, सकाळपासून काय काय खाल्लं होतं? निदान तेव्हा तरी तोंड उघडायचं ना? "काही कळत नाही," मी म्हणाले.

वाचली ती. सासूबाईंनी तिलाच झापलं, "बाहेर काहीतरी खाल्लं असशील." ती रडत म्हणाली, "नाही हो आई, ताईनं वाचूनच दिलं होतं सगळं."

मला दुष्ट म्हणा, चालेल. 'बिचारीला कल्पना नव्हती' असं मात्र म्हणू नका. मला सगळी कल्पना होती.

घरात अजून सांगतात, ताईनं धावपळ केली म्हणून स्मिता हाताला लागली. गेल्या दिवाळीत त्यासाठी तिनं मला साडी घेतली — मोरपिशी, माझ्या आवडीची. मी ती घेतली. नेसलेसुद्धा.