आईच्या ब्लाउजची शिवण

मी शिलाईचं दुकान टाकलं आणि वर्षाच्या आत आई गेली. लोक या दोन गोष्टी वेगवेगळ्या सांगतात. मला तसं जमत नाही.

मोताळ्यात एका चाचांच्या हाताखाली सहा वर्षं शिवलं, मग घरातल्याच पुढच्या खोलीत स्वतःची मशीन मांडली. पाटीबिटी काही नव्हती. माझी जाहिरात म्हणजे आई. पोळ्याला तिला नवं ब्लाउज शिवलं. आमच्याकडे अंगाचं माप कोणी देत नाही. जुनं ब्लाउज आणून टाकतात, त्यावरून कापायचं. आईनंही तेच केलं. मग ती बाजारात, बारशाला मिरवायची आणि कोणी विचारो न विचारो, "माह्या पोरीनं शिवलं" म्हणून सांगायची. गिऱ्हाइकं यायला लागली. मी हवेत.

दिवाळीत तेच ब्लाउज तिच्या खांद्यावरून उतरायला लागलं. माझं डोकंच फिरलं.

"असं लोंबतं झंपर घालून बाजारात काऊन गेली वं? लोकं म्हनतीन, पोरीले शिवता येत नाही!"

"सोयाबीनच्या कामानं जराशी उतरली, माय. तू आत घे ना."

घेतलं अर्धं बोट आत. संक्रांतीला आणखी एक बोट घ्यावं लागलं, तेव्हा तर मी तिच्यावर तोंडच टाकलं. ती हात वर करून उभी राहिली. तिच्या बरगड्या माझ्या बोटांना लागत होत्या आणि मी तोंडात टाचण्या धरून फिटिंग बघत होते. लिहायलाही लाज वाटते, पण ते सुरेख बसलं म्हणून मी त्या दिवशी खूश होते.

होळीला पुन्हा दोन बोटं घेतली. त्यानंतर आठच दिवसांत ती अंगणात कोसळली. बुलढाण्याला डॉक्टरांनी विचारलं, "वजन कधीपासून उतरतंय?" बाबांना काही सांगता येईना. मी सांगितलं. दिवाळीला अर्धं बोट, संक्रांतीला एक, होळीला दोन. डॉक्टर लिहून घेत होते, मग त्यांनी मान वर केली.

"इतकं बारीक लक्ष होतं, तर आधी का नाही आणलं?"

खाटेवरून आईच बोलली, "तिले नका बोलू, सायेब. पोरीनं नवा धंदा टाकला. तिले कुठं टाइम हाय?"