मास्तरांचे मऊ तळाचे बूट

मास्तरांचं बूट दुरुस्तीचं दुकान हातभर रुंद, पण मिजास राजवाड्याची. गिऱ्हाइकाच्या तोंडाआधी ते त्याच्या टाचा बघत, आणि टाच एकाच बाजूनं झिजलेली दिसली की मालकाला झापत. अशा माणसाला पन्नाशीत जोडीनं नाचायचं वेड लागलं, ते बायकोमुळं. ती रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेतून सुटली की क्लासला जायची. मास्तर सोबत म्हणून गेले आणि अडकले. पुढे दोघं सुट्ट्या काढून परदेशातल्या नाचाच्या मेळाव्यांना जाऊ लागली.

तिथली रीत अशी, की आपल्याच माणसाला धरून बसायचं नाही. अनोळखी माणसानं नजरेनं विचारायचं, तीन गाणी एकत्र नाचायचं, आभार मानायचे आणि सुटायचं. पहिल्या मेळाव्यात मास्तरांना भलती मागणी होती. त्यानंतर कुठं माशी शिंकली कोण जाणे, एक नाच झाला की त्यांना कुणी हिंग लावूनही विचारेना. बायकोला मात्र उसंत नाही! कधी टकला बसचालक, कधी एक उंच दंतवैद्य. मग मिठ्या, फोन नंबर, 'आमच्या गावी या'. मास्तर खुर्चीत हसरा चेहरा करून बसत आणि आत जळत. दंतवैद्याचे बूट महाग असले तरी शिवण कच्ची आहे, एवढंच काय ते समाधान.

अशी चार वर्षं निघाली. या खेपेला त्यांनी ठरवलं होतं, आजची दुपार संपली की बायकोला सांगून टाकायचं: तुला जायचं तर जा, मी पुन्हा येणार नाही. मग दंतवैद्याला रान मोकळं, हाही विचार आला, पण त्यांनी तो झटकला.

एक नाच करून ते नेहमीसारखे बसले. नाचाचे बूट काढले, पुसले, पिशवीत घातले आणि साधे चढवले. मऊ चामड्याचा तळ, स्वतःच्या हातानं शिवलेला. विनाकारण पायात ठेवून तो घासणं मास्तरांच्या लेखी पाप होतं.

शेजारी साठीची एक शिंपीण येऊन टेकली. तिच्या बुटाचा पट्टा उसवला होता. मास्तरांच्या खिशात सुई-दोरा कायम. त्यांनी दोन मिनिटांत तो शिवून दिला. ती मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाली, "तीन गावांत बघितलं तुम्हाला. छान नाचता. विचारावं म्हणते, तोवर तुम्ही बूट बदलून मोकळे! इतक्या लवकर दमता?"

"दमतंय कोण?"

"अहो, बूट बदलले म्हणजे आजचा नाच संपला. मग त्या माणसाला कुणी विचारत नाही. एवढंही ठाऊक नाही तुम्हाला?"

मास्तरांनी पुन्हा पिशवी उघडली आणि नाचाचे बूट चढवले. शिंपिणीनंतर एक ग्रंथपाल बाई, तिच्यानंतर एक परिचारिका. पाणी प्यायला सवड नाही. दंतवैद्य एकदा चक्क भिंतीशी एकटा उभा दिसला, आणि मास्तरांना बरं वाटलं, खोटं कशाला बोला.

परतीच्या बसमध्ये त्यांनी हे सगळं बायकोला रंगवून सांगितलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"बुटांचं. दुसऱ्याच वर्षी कळलं."

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आणि गप्प बसलीस? मी तिथं खुळ्यासारखा बसून राहायचो, अगं!"

"हो, बसले गप्प. तुम्ही बसलेले दिसलात की मला बरं वाटायचं." तिनं आता वळून बघितलं. "पहिल्या मेळाव्यात तुम्ही भाड्याच्या बुटांत दिवसभर नाचलात. मला कुणाच्या नजरेला नजर देता येत नव्हती, म्हणून कुणी विचारलं नाही. चार तास बसून होते मी. तुम्ही एकदाही बघितलं नाहीत. आणि खोलीवर आल्यावर विचारलंत, मजा आली ना?"

मास्तर आठवू लागले. त्या हॉलची फरशी आठवली. भाड्याचे बूट आठवले, त्यांची डावी टाच कुठं झिजली होती तेही आठवलं. बायको कुठं बसली होती, ते काही केल्या आठवेना.