सात नंबरचा खड्डा

दस्तगीरचाचा माती दातांत धरून बघायचे. चिमूटभर माती पुढच्या दातांत घ्यायची, डोळे मिटायचे, दात हलकेच घासायचे आणि बाजूला थुंकून निकाल द्यायचा. कचकच वाजली तर वाळू, पिठासारखी लागली तर पोयटा, लोण्यासारखी चिकटली तर चिकण. प्रयोगशाळेचा निकाल आठवड्याने यायचा आणि बहुतेक वेळा तो चाचांसारखाच असायचा. मग ते म्हणायचे, "मशीनचं दात बी बरं हाईत म्हणायचं."

मी नेसरीकडच्या एका खेड्यातला, घरातला पहिला पदवीधर. राजारामपुरीत एका क्लासच्या वरच्या मजल्यावर आमचे माती-सर्वेक्षणाचे ऑफिस होते. नेमणुकीचे पत्र वडिलांनी लॅमिनेट करून देव्हाऱ्याशेजारी लावले होते. नोकरी अकरा महिन्यांच्या करारावर आहे असे त्यातच छापले होते, पण ती ओळ आमच्या घरी कोणी मोठ्याने वाचली नाही.

पहिल्या दिवशी मी नवे बूट घालून खड्ड्याच्या काठावर उभा राहिलो आणि वहीत लिहायला लागलो. खालून चाचा म्हणाले, "पावणं, वरनं मातीची वळख हुत न्हाय. खाली या." त्यांनी हात दिला आणि मी उतरलो. मातीच्या थरांची नावे मला कॉलेजने शिकवली होती, थर चाचांनी दाखवले. तरुणपणी ते विहिरी खोदायचे, पुढे सर्वेक्षणाचे माणूसभर खोल खड्डे खणू लागले. विहिरींच्या दिवसांतला खोकला त्यांना कायम होता. त्यांच्या डब्यात माझ्यासाठी एक भाकरी जास्त असायची, ती चाची न सांगता घालायच्या.

खड्डा खणण्यापेक्षा भरण्याकडे चाचांचे लक्ष जास्त. प्रत्येक थराची माती वेगळ्या पोत्यावर काढायची. भरताना तळाची आधी, वरची शेवटी, आणि सगळ्यात वर गवताची ढेपळे जशीच्या तशी बसवून पायाने दाबायची. मजूर वैतागायचे. चाचा त्यांना सांगायचे, "दुसऱ्याचं दार उघडलं की लावून निघायचं."

त्या हिवाळ्यात ऑफिसला राजस्थानातल्या निमवाळवंटी कुरणांचे काम मिळाले आणि आम्ही दोन दिवसांचा रेल्वेप्रवास करून तिथे गेलो. तिथली जमीन म्हणजे वाऱ्याने कधीकाळी आणून टाकलेली वाळू. वर नखाएवढा पातळ पापुद्रा आणि सेवण गवताचे ठोंब, एवढ्यावरच ती टेकडी जागच्या जागी धरलेली. चाचांनी पहिली चिमूट दातांत घेतली आणि बराच वेळ थुंकले नाहीत. मग म्हणाले, "हिला गावच न्हाय. वाऱ्यानं आणलीया, वारं म्हणंल तवा जाईल."

मी हे वाक्य वहीत लिहून घेतले, पण त्याचा अर्थ मला कळला नाही.

सात नंबरचा खड्डा धापूबाईंच्या चराऊ रानात होता. धापूबाई म्हणजे साठीची एकटी बाई. शेळ्या-मेंढ्या आणि झोपडीशेजारी जमिनीत बांधलेले पावसाच्या पाण्याचे टाके, एवढाच तिचा संसार. आम्ही खणत असताना तिने दोनदा ताक आणून दिले. तपासणीला साहेब येणार म्हणून तो खड्डा उघडा ठेवला होता. साहेब आले नाहीत आणि आमची परतीची तिकिटे दुसऱ्या दिवसाची होती. चाचांनी एक दिवस मागितला. मी म्हणालो, "चाचा, वाळूच आहे. वाऱ्याने आपोआप भरेल."

आमच्याकडे उघडा राहिलेला खड्डा दोन पावसांत कडा ढासळून बुजतो. लहानपणापासून तेच पाहिले होते. वारा वाळू आणून टाकतो हे शिकलो होतो, तर तो खड्डाही भरील असे मला सरळ वाटले. चाचांनी खोरे खांद्यावर घेतले. "तू शिकलायस. तुला म्हाईत," म्हणाले आणि जीपमध्ये बसले.

उन्हाळ्याचे वारे होऊन गेल्यावर आम्ही दुसऱ्या फेरीला गेलो. सात नंबरच्या जागी खळ्याएवढा खळगा झाला होता. वाऱ्याला धरायला एक कड मिळाली होती आणि तिथून त्याने टेकडी खात नेली होती. कडेला सेवणाची मुळे उघडी लोंबत होती. निघालेली वाळू धापूबाईंच्या टाक्यावर जाऊन बसली होती. निम्म्या शेळ्या तिने विकल्या होत्या आणि पिण्याचे पाणी ती दोन कोसांवरून डोक्यावर आणत होती.

खड्डा खणणारे तुम्हीच का, एवढेच तिने विचारले. मी शब्द शोधत होतो, तोवर चाचा हो म्हणाले. तिने घागरीवर फडके बांधले आणि आत गेली.

पुढचे चार दिवस चाचांनी ऑफिसचे काम केले नाही. तोंडाला टॉवेल गुंडाळून काटेरी झुडपे तोडायची, वाऱ्याच्या आडवी पुरायची, टाक्याच्या तोंडातली वाळू घमेल्याने उपसायची. सकाळी ती पुन्हा भरलेली असायची. खोकून खोकून ते खाली बसत आणि पुन्हा उठत. पाचव्या दिवशी आम्ही त्यांना धरूनच जीपमध्ये बसवले. ते म्हणाले, "हे माझ्या खोऱ्याचं काम न्हाय आता. तू लिव. आपल्या खड्ड्यानं झालंय असं कागदावर आलं तर कोनतरी येऊन निस्तरंल."

मी लिहिले होते. ऑफिसच्या प्रमुखांनी तो परिच्छेद खोडला. आपणच नुकसान केले असे आपणच लिहायचे का, असे त्यांनी शांतपणे विचारले आणि पुढच्याच वाक्यात माझा करार महिनाअखेरीस संपतो याची आठवण करून दिली. अहवालात 'नैसर्गिक वाऱ्यामुळे धूप' एवढेच राहिले. खाली सही माझी आहे.

चाचा तेव्हा दवाखान्यात होते. डॉक्टरांनी फुप्फुसांचे काही उरले नाही असे चाचींना सांगितले होते. मी छापलेला अहवाल घेऊन गेलो. का नेला, हे मला अजून सांगता येत नाही. नळी बाजूला करून ते म्हणाले, "सात नंबरचं वाचून दाव."

अहवाल इंग्रजीत होता. मी ते पान उघडले, त्यावर बोट ठेवले आणि मराठीत सांगितले, "हा खळगा आमचा खड्डा न भरल्यामुळे झाला आहे. टाके मोकळे करून देणे आणि इथे पुन्हा गवत लावणे ही आमची जबाबदारी आहे."

"परत वाच," चाचा म्हणाले.

मी परत वाचले. पहिल्या वेळी नेमके कोणते शब्द वापरले होते ते मला आठवेना, म्हणून काही शब्द बदलले. चाचांचे डोळे मिटलेले होते. ते म्हणाले, "शिकलास त्याचं चीज झालं बघ."

त्यानंतर नवव्या दिवशी ते गेले. त्याच आठवड्यात माझा करार वाढला आणि वडिलांनी तेही पत्र लॅमिनेट केले.

चाळीस दिवस झाल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. चाचींनी चहा केला आणि माझ्यासमोर भिंतीला टेकून बसल्या. म्हणाल्या, "लई निवांत गेलं रं. येईल त्याला सांगत हुतं, माझ्या पोरानं लिवलंय म्हणून. त्या बाईकडं आलं का कोण?"

मी हो म्हणालो.