बॉनेटखालचे दोन वॉशर

त्या रविवारी चटका मेकॅनिकने सकाळपासून गाडीभोवती इतक्या फेऱ्या मारल्या की शेवटी बायको खिडकीतून ओरडली, "अहो, गाडी कुठे पळून चालली नाहीये! दोन घास तरी खाऊन जा." तो आत आला, उभ्याउभ्या काहीतरी घशाखाली ढकललं आणि हात न धुताच परत बाहेर गेला. बॉनेट उघडलं. बंद केलं. चार पावलं फाटकापर्यंत जाऊन आला आणि पुन्हा उघडलं. त्याच्या पायाला भिंगरी आहे हे सगळ्या गल्लीला माहीत होतं, पण त्या दिवशी त्याचा जीवच जागेवर नव्हता.

गाडी त्याच्या लेकीची. जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली, टर्बोवाली. सोमवारी सकाळी सात वाजता ती याच गाडीतून घाट ओलांडून पलीकडच्या इस्पितळात नर्स म्हणून रुजू होणार होती, आणि मग रोज तोच घाट, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. आधीच्या मालकाने टर्बोवरचा संरक्षक पत्रा कुठल्याशा दुरुस्तीत काढला होता आणि परत बसवायचे कष्ट घेतले नव्हते. टर्बोपासून वीतभर अंतरावरून पेट्रोलचा रबरी पाइप जातो. तो पाइप रोज भाजत राहिला तर कडक होतो, तडकतो, आणि पुढे काय होतं ते सांगायला मेकॅनिक लागत नाही. तेव्हा बॉनेटखालची गरमी कमी करायची आणि ती खरोखर कमी झाली का ते तपासायचं. हे तपासायचं चटक्याने, आपल्या उजव्या तळहाताने.

आणि त्या तळहाताला चार महिन्यांपासून गरम म्हणून कळत नव्हतं. ही गोष्ट उभ्या जगात एकाच माणसाला ठाऊक होती, आणि तो गाडीभोवती फेऱ्या मारत होता.

आता हा तळहात म्हणजे काय प्रकरण होतं ते ऐका. सव्वीस वर्षांपूर्वी हा गॅरेजात लागला, तेव्हा पहिल्याच दिवशी नुकत्याच बंद केलेल्या गाडीचा टर्बो याने उघड्या हाताने धरला. बोंब ठोकली ती तिसऱ्या दुकानापर्यंत ऐकू गेली. तेव्हापासून नाव पडलं चटका. दुसरा कुणी असता तर जन्मभर मोजे घालून फिरला असता. हा मात्र त्या दिवसापासून गरमीच्या मागे लागला. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुराने फिरणारी भिंगरी, धूर आगीसारखा, म्हणून भिंगरीही लालबुंद, एवढं तो गिऱ्हाइकाला एका दमात सांगायचा. "तुमच्या इंजिनाला जास्त दम मिळतो तो फुकट नाही मिळत, साहेब. शेजारी भट्टी ठेवावी लागते. आता भट्टीशेजारी कुणाला झोपवायचं, ते मी बघतो."

तपासायची त्याची रीत ठरलेली. गाडी वीस मिनिटं दामटवायची, आणून उभी करायची, मिनिटभर इंजिन नुसतं चालू ठेवायचं आणि मग बंद. बंद केल्यावर लगेच बघायचं नाही. लोकांना वाटतं गाडी थांबली की ती गार व्हायला लागते. कसली गार! वारा थांबतो, पाणी फिरायचं थांबतं, आणि भट्टीची सगळी धग वर चढते. म्हणून हा दहा मिनिटं थांबायचा, बॉनेट उघडायचा आणि आठ ठिकाणी, एकाच क्रमाने, वीतभर वर तळहात धरायचा. हवेचा डबा, बॅटरी, वायरींचा जुडगा, असं करत शेवटी पेट्रोलचा पाइप. डोळे मिटलेले. आणि मग निकाल: "पास." किंवा: "उद्या आणा, इथे पत्रा पाहिजे." गॅरेजच्या मालकाने मध्ये एकदा कौतुकाने तापमान मोजायचं पिस्तूल आणलं, नेम धरला की आकडा दाखवणारं. चटक्याने ते खिळ्याला टांगून ठेवलं. "चकचकीत पत्र्यावर धरा, बर्फ आहे म्हणून सांगेल. माझा हात खोटं बोलत नाही." हे त्याचं म्हणणं बरोबरच होतं, मालकाने स्वतः करून बघितलं होतं.

मग चार महिन्यांपूर्वी एका संध्याकाळी त्याने गॅसवरचं पातेलं फडक्याशिवाय उचलून खाली ठेवलं. बायको म्हणाली, "वा! अजून जोर दाखवायची हौस फिटली नाही वाटतं." तो हसला. सकाळी बोटांवर फोड आले होते. त्याने हात खिशात घातला आणि कामावर गेला. त्या दिवशी पहिल्या गाडीवर तळहात धरला, आणि काहीच नाही. हात नुसता हवेत धरलेला. डाव्या हाताने बघावं म्हटलं, तर त्या बिचाऱ्याला कधी काही शिकवलंच नव्हतं, आणि त्याच्याही बोटांच्या टोकांना हल्ली मुंग्या येत होत्या. गिऱ्हाईक समोर उभं. चटका डोळे मिटून म्हणाला, "पास."

का म्हणाला? भीतीने म्हणाला, दुसरं काय! ज्याचा हात गेला त्या माणसाला गॅरेजात काय काम? गाड्या धुवायचं. मग रंग कुठे उडालाय, वायरीचं आवरण कुठे चमकतंय, वास कसला येतोय, असं करत करत तो अंदाज बांधायला लागला. त्यातले बरेच अंदाज बरोबरही आले असतील. पण झोप गेली ती गेलीच. पास केलेल्या प्रत्येक गाडीचा रंग त्याला पाठ झाला होता. अकरा गाड्या.

आणि आता बारावी दारात उभी होती.

तिच्यावर त्याने पंधरा दिवस मेहनत घेतली. नवा पत्रा कापून, ठोकून टर्बोवर बसवला. धुराच्या नळीला गरमी अडवणारी पट्टी पाण्यात भिजवून गच्च गुंडाळली, म्हणजे वाळली की आवळून बसते. पेट्रोलच्या पाइपवर चंदेरी बाही चढवली. काम नेहमीसारखंच नेटकं. पण काम नेटकं असणं वेगळं आणि गरमी कमी होणं वेगळं, हे त्याच्याइतकं कुणाला कळत होतं? शनिवारी त्याने मालकाच्या नकळत ते पिस्तूल पिशवीत घालून घरी आणलं. चंदेरी बाहीवर धरलं. आकडा आला एकेचाळीस. चटक्याने पिस्तुलाकडे असं बघितलं की ते माणूस असतं तर शरमलं असतं. हात मुका आणि यंत्र खोटारडं. करायचं काय?

रविवारी दुपारपर्यंत त्याचं डोकं पार फिरलं होतं. अजून काहीतरी करायला हवं, अजून काहीतरी, एवढंच मनात. आणि त्या भरात त्याने खोक्यातून जाड वॉशर काढले, बॉनेटच्या मागच्या बिजागऱ्यांखाली एकेक घातला आणि बॉनेटची मागची कड बोटभर वर उचलली.

चारच्या सुमारास लेक आली, नोकरीसाठी नवे पांढरे बूट घेऊन. "बाबा, झालं का? हात ठेवून बघितलात ना?" असं म्हणतच ती गाडीपाशी आली आणि थबकली. बॉनेट आणि काच यांच्यामधली फट तिला लांबूनच दिसली. तिने वाकून बोट घातलं.

"हे वॉशर कुणी लावले?"

चटका पाने पुसत होता. पुसलेलाच पाना परत पुसत होता.

"बाबा, मी विचारतेय. हे तुम्ही लावलेत?"

असं का विचारलं, ते सांगायला हवं. ती अकरा वर्षांची असताना एका गिऱ्हाइकाने हेच केलं होतं, आणि चटका दिवसभर त्याच्या नावाने खडे फोडत होता. संध्याकाळी त्याने आईच्या टोपलीतल्या लाल लोकरीचे तुकडे कापले, ते एकेक करून बॉनेटवर चिकटवले आणि लेकीला शेजारी बसवून गाडी पळवली. "सांग, काचेजवळचे धागे कुठे बघतायत?" ते धागे काचेकडे उडत नव्हते. फटीतून आत जात होते. "बघ! उभ्या गाडीत गरमी त्या फटीतून बाहेर येते, म्हणून हे शहाणे खूश. गाडी पळायला लागली की काचेच्या पायथ्याशी वारा दाबून बसतो. बाहेर जायची सोडून हवा उलट आत घुसते. आणि बसायच्या जागेतली हवासुद्धा तिथूनच घेतली जाते, म्हणजे वाफ, धूर, सगळं तुझ्या नाकात. जन्मात असा मूर्खपणा करू नकोस." तिने केला नव्हता. तिच्या बापाने केला होता.

"थोडी जास्त मोकळीक मिळावी म्हणून…" चटका म्हणाला.

"तुम्ही? तुम्ही मोकळीक म्हणून वॉशर लावणार?" ती बूट बाजूला ठेवून त्याच्यासमोर आली. नर्सिंग शिकताना चार वर्षं ती माणसांचे हातपाय तपासत आली होती, आता तिची नजर मुलीची राहिली नव्हती. "हात दाखवा."

"काय झालंय हाताला? काळा आहे, ग्रीस आहे."

"डोळे मिटा. आपण खेळायचो तसं. मी तळहातावर आकडा काढते, तुम्ही ओळखा."

लहानपणी हा खेळ ती झोपेपर्यंत चालायचा आणि तो कधी हरत नसे. नाही कसं म्हणायचं? चटक्याने डोळे मिटले, उजवा हात पुढे केला. थोडा वेळ गेला. तिने काढला असेल असं वाटून तो म्हणाला, "सात."

तिच्या 'बरोबर'ची त्याने वाट बघितली.

"मग एक. तू घाईत काढतेस, नीट काढत जा."

"बाबा," ती म्हणाली, "मी अजून काढलाच नाही."

त्याने डोळे उघडले. तिने त्याचा पंजा आपल्या दोन्ही हातांत धरलेला होता, आणि तिची नखं त्याच्या तळव्यात रुतली होती. ते त्याने बघितलं तेव्हा त्याला कळलं.

खिडकीत बायको उभी होती.

मग चटका बोलला. फोडांपासून सगळं बोलला, थांबत थांबत, गाडीच्या टायरकडे बघत. झाल्यावर लेक म्हणाली, "मंगळवारी तुम्हाला डॉक्टरांकडे न्यायचं, त्यात काही बोलायचं नाही. आता किल्ली द्या."

वॉशर काढून बॉनेट खाली बसवलं. गाडी तिने चालवली, वीस मिनिटं, चढावर. तो शेजारी गुडघे हलवत बसला. आणून उभी केली, मिनिटभर इंजिन चालू, मग बंद, मग दहा मिनिटं. ती दहा मिनिटं त्याने कशी काढली ते त्याचं त्यालाच माहीत. तो क्रम सांगत गेला आणि ती हात धरत गेली.

"हवेचा डबा."

"कोमट."

"बॅटरी."

"ठीक आहे. धरवतोय हात."

पाचवं, सहावं, सातवं. सगळं ठीक. चटक्याच्या जिवात जरा जीव आला. "आता पेट्रोलचा पाइप. टर्बोच्या मागून ने हात, हळू."

तिने हात नेला आणि "आई गं!" म्हणून मागे ओढला. बोटं तोंडात घातली. "बाबा, इथे हात जवळसुद्धा नेववत नाही."

तो टॉर्च घेऊन वाकला. बघायला गेलं तर साधी गोष्ट होती. नव्या पत्र्याची खालची कड ठोकताना आतल्या बाजूला वळली होती, आणि टर्बोची सगळी धग त्या कडेवरून सरळ पाइपवर जात होती. पत्रा नसता तर ती चहूकडे तरी पसरली असती. याने ती गोळा करून एका जागी सोडली होती. हाताला कळत असतं तर पहिल्याच झटक्यात कळलं असतं. पाइपवरची चंदेरी बाही एका जागी तपकिरी पडायला लागली होती.

लेकीने नळाखाली हात धरला. बराच वेळ धरला. मग पाणी बंद करून तिने विचारलं, "मला एक खरं सांगा. ते वॉशर मला दिसले नसते, तर सकाळी सातला मी किल्ली मागितल्यावर तुम्ही दिली असतीत?"

कितीतरी उत्तरं होती. नसती दिली, रात्रभर परत बघितली असती, काहीतरी सुचलं असतं. चटक्याच्या तोंडाशी ती सगळी आली. पण पोरीने आयुष्यभर याच माणसाच्या "पास"वर विश्वास ठेवला होता.

"दिली असती," तो म्हणाला.

तिने मान हलवली. रडली नाही, चिडली नाही, आत गेली. बायको काहीतरी विचारत होती, त्यावर लेक म्हणाली, "उद्या मी बसने जाते, आई." मग ती चटक्याचा फोन घेऊन बाहेर आली आणि तो त्याच्या डाव्या हातात ठेवला.

"अकरा," ती म्हणाली.

चटका पायरीवर बसला. सकाळपासून पहिल्यांदाच बसला. पहिली गाडी निळी होती, शाळेतल्या मास्तरांची. रविवारी ते नातवंडांना घेऊन फिरायला जातात, हेही त्याला माहीत होतं. त्याने नंबर लावला. पलीकडे मास्तर हसत म्हणाले, "बोला चटकेबुवा, आज कशी काय आठवण?"

"मास्तर," तो म्हणाला, "गाडी आज बाहेर काढू नका. मी पास म्हटलं होतं, ते खोटं होतं."