मुलीचा मायनर मी बदलला

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. मुलीच्या कॉलेजच्या फॉर्ममधला एक विषय मी तिला न विचारता बदलला आणि दीड महिना त्याचा ठपका दुसऱ्यावर राहू दिला.

बी.ए.ला तिचा मुख्य विषय राज्यशास्त्र. हल्ली सोबत एक मायनर, म्हणजे दुय्यम विषयही घ्यावा लागतो. तिने ‘जागतिक सुरक्षा’ निवडला. टेंभुर्णीत माझं खत-बियाण्यांचं दुकान आहे. तिथल्या बाकड्यावरच्या मंडळींना हे कळलं आणि झालं.

“पोरगी आता सरहद्द सांभाळती का?” एकाने विचारलं.

“आख्खी दुनियाच सांभाळती म्हना,” दुसरा म्हणाला. “मंग तुम्हाला म्हातारपनी कोन सांभाळंल?”

मी हसलो, पण ते लागलं. आमच्याकडे मुलीच्या फॉर्मवर मोबाईल नंबर बापाचाच टाकतात. फॉर्ममध्ये दुरुस्ती करायला एक दिवस उरला होता. नेटकॅफेत गेलो, मोबाईलवर आलेला ओटीपी सांगितला आणि मायनरच्या जागी ‘संगणक’ टाकून आलो. पाच मिनिटांचं काम. नोकरीच्या दृष्टीने बरं, अशी स्वतःची समजूत घातली.

जागतिक सुरक्षेच्या पहिल्याच तासाला हजेरीत तिचं नाव आलं नाही. संध्याकाळी जालन्याच्या बसमधून उतरली तीच तणतणत. “पप्पा, ऑफिसातल्या क्लार्कनं माझा विषयच बदलून टाकला! चांगली भांडून आले.”

“करतात हे लोक असं,” मी म्हणालो. हे वाक्य अजून टोचतं.

पोरगी मात्र बधणारी नव्हती. दुरुस्तीची मुदत संपली होती, तरी सरांना विचारून ती जागतिक सुरक्षेच्याच तासाला मागच्या बाकावर बसू लागली. एकदा दुकानात येऊन म्हणाली, “पप्पा, ही खताची गोणी कुठून येते?”

“जालन्याहून. ट्रकनं.”

“त्याच्या आधी?”

“कंपनीतून.”

“अन् कंपनीत?”

तिने एका पाठकोऱ्या कागदावर समुद्र काढला, त्यात एक चिंचोळी वाट काढली. इथं दोन देश भांडले की जहाजं लांबचा वळसा घेतात, मग टेंभुर्णीत ऐन पेरणीला गोणी मिळत नाही, असं तिने सांगितलं. बाकडं कान देऊन ऐकत होतं.

“म्हंजी मागच्या साली गोणी मिळंना म्हून आपुन उगीच ह्याला बोल्लो,” एकजण माझ्याकडे बघत म्हणाला.

मला तो क्लार्क आठवला आणि चहा कडू लागला.

परीक्षेचा फॉर्म भरायची वेळ आली. पेपर संगणकाचाच द्यावा लागणार होता. “अभ्यास एकाचा अन् पेपर दुसऱ्याचा. नापासच होणार मी,” म्हणत ती पहिल्यांदा रडली.

दुसऱ्या दिवशी मी तिच्यासोबत कॉलेजात गेलो. क्लार्कने कोरा कागद पुढे केला. “पालकाचा अर्ज द्या, कारण लिहा. कारण पटलं तर प्राचार्य विषय परत देतील. अन् काका, पोरीला सांगा, मी बिलकुल काही केलेलं न्हाई.”

“मग आपोआप बदलला का?” ती उसळली.

मी लिहिलं आणि दोघांना ऐकू जाईल असं वाचलं: “विषय मी बदलला. मुलीला माहीत नव्हतं. ऑफिसची चूक नाही.”

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. क्लार्कसमोर मी हात जोडले. “साहेब, माझ्यामुळं तुम्ही बोलणी खाल्ली. माफ करा.” मग तिच्याकडे वळलो. “बाई, लोक हसले म्हणून मी तुझा विषय काढला, अन् वर खोटं बोललो. माझं चुकलं. मला माफ कर.”