राखणदारान् मारलान्

एका जागी स्वस्थ बसणं मला कधीच जमलं नाही. आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. पण ऐंशीच्या दशकातल्या त्या एका आठवड्यात मी जी तगमग केली, तिला भिंगरी हा शब्द फारच तोकडा आहे.

तेव्हा मी रत्नागिरीच्या बाजारात एका टायपिंग क्लासमध्ये शिकवत होते. पहिल्या मजल्यावर बारा मशिनं, त्यातली तीन कायमची आजारी. खाली सरबताचं दुकान आणि समोर रस्त्यापलीकडे टॉकीज. दसरा होऊन गेला होता, उकाड्याने जीव नको झाला होता आणि टॉकीजवर एक नवीन पोस्टर लागलं. कंदील, कोयता आणि खाली लाल अक्षरांत : 'आपल्याच जिल्ह्यात घडलेली सत्य घटना'.

घटना कुठली हे सगळ्यांना ठाऊक होतं. स्वातंत्र्याच्या आधी, आत घाटाकडच्या एका गावात एक खोत स्वतःच्या आंब्याच्या बागेत मरून पडला होता, आणि त्या खुनाबद्दल बागेच्या राखणदाराला फाशी झाली होती. ही गोष्ट आमच्याकडे जुनी माणसं अजून सांगत. मीसुद्धा क्लासमधल्या मुलींना तिखटमीठ लावून सांगितली होती. राखणदाराचे डोळे तांबडेलाल होते वगैरे माझी स्वतःची भर.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी आईला म्हटलं, "शुक्रवारी पिक्चरला जाऊ."

आई बांगडे साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "मी नाय येत. त्यात माझा बापूस हाय."

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, "म्हणजे? साक्षीदार होता?"

"राखणदार होता," आई म्हणाली.

माझे वडील तेव्हा बोटीवर होते, वर्षातले दहा महिने समुद्रात. त्यांनाही हे ठाऊक नव्हतं. आईला तिच्या मामाने लहानपणीच शहरात आणलं, दुसऱ्या गावचं नाव सांगून वाढवलं आणि लग्न लावून दिलं. इतकी वर्षं ती हे पोटात घेऊन आमचे डबे भरत होती. मला तिचा राग आला आणि त्याहून जास्त लाज वाटली, त्या तांबड्यालाल डोळ्यांची.

हात धुऊन ती बसली आणि एका दमात सांगून मोकळी झाली. आमच्याकडे राखणदार दोन. एक पगारी, जो काठी घेऊन बागेत माकडं हाकतो. दुसरा त्या जागेचाच, कुणाला न दिसणारा. वर्षातून एकदा त्याला नारळ आणि कोंबडा द्यायचा, त्याला राखण देणं म्हणतात. ती चुकवली तर तो माणसाला सोडत नाही, अशी समजूत. त्या वर्षी खोताने राखण दिली नव्हती, वर ज्या झाडाखाली ती द्यायची ते झाडच तोडलं होतं. आणि महिन्याभरात तो तिन्हीसांजेला गडग्याच्या, म्हणजे बागेच्या दगडी कुंपणाच्या, पायथ्याशी डोकं फुटून पडलेला सापडला. चार माणसांनी उचलला तेव्हा जेमतेम तीन श्वास उरले होते. म्हणाला, "राखणदारान् मारलान्." आणि गेला.

"चौघांनी कोर्टात तेच सांगितलांनी," आई म्हणाली. "कोण खोटं नाय बोलला. जज्ज परमुलखातला. त्यान् माझ्या बापसाला इचारलान्, मरणारा माणूस खोटं बोलेल काय? बापूस बोलला, नाय सायबा, खोत खरंच बोलला, राखणदारानच मारलान्."

"आणि ते लिहून घेतलं?"

"लिहून घेतलांनी. मामा तिथं उभा होता."

मी भडकलेच. "मग मामाने तोंड का नाही उघडलं? आजोबांनी खरंच मारलं नव्हतं ना?"

आई म्हणाली, "मी सहा वर्षांची होते गो. मला काय ठाऊक? पण खोत जे बोलला, ते माझ्या बापसाला नाय बोलला. येवढं मला ठाऊक."

मग तिने तिचं मागणं सांगितलं. ती स्वतः पिक्चरला जाणार नव्हती. रडू आलं आणि शेजारणीने पाहिलं तर? मी जायचं. आणि त्यानंतर रोज खेळ सुटला की लोक काय बोलतात ते ऐकून यायचं. त्या शब्दाचा दुसरा अर्थ एखाद्याला तरी लागतो का, एवढंच तिला हवं होतं. "एक माणूस पुरे," ती म्हणाली.

पहिल्या दिवशी मी पिक्चर पाहिला. आजोबांचा कधी फोटोही पाहिला नव्हता, म्हणून पडद्यावरच्या त्या माणसावरून माझी नजर हलेना. त्याचे डोळे तांबडेलाल होते. खोताच्या सुनेवर त्याची वाईट नजर, हातात कोयता, गडगडाटी हसणं. कोयता खाली आला आणि खोताने त्याच्याकडे बोट दाखवून प्राण सोडला. फाशीच्या वेळी खालून शिट्ट्या आल्या. मी उठून बाहेर आले आणि मुतारीच्या भिंतीला टेकून उभी राहिले.

दुसऱ्या दिवसापासून माझा नेम सुरू झाला. साडेपाचला बॅच सुटली की मी सरबताच्या दुकानातल्या बाकावर कोकम सरबत घेऊन बसायचे. सहाला तीनचा खेळ सुटे आणि घसा सुकलेले प्रेक्षक तिथेच येत.

काय काय ऐकलं म्हणून सांगू! बैलगाडीच्या प्रसंगात मागे विजेचा खांब दिसतो, हा पहिला मोठा शोध. तो खांब बघायला माणसं दुसऱ्यांदा तिकीट काढून गेली. एक बागायतदार तर आंब्यांवरच चिडला होता, म्हणे पडद्यावर हापूस म्हणून रायवळ टांगलाय, तोही सुतळीने. दोन बायकांनी सुनेच्या नऊवारीचा काष्टा चुकल्याचा निकाल दिला. फाशीबद्दल सगळ्यांचं एकमत : बरं झालं मेल्याचं.

चौथ्या दिवशी मात्र ते वाक्य निघालं आणि माझ्या हातातला ग्लास तिथेच थांबला. एक तोंडओळखीचे मास्तर तावातावाने म्हणाले, "अहो, 'मारल्यान' काय? ते तिकडे मालवणात. आपल्याकडे 'मारलान्'! पिक्चरवाल्यांना कोकण म्हटलं की एकच भाषा ठाऊक."

"बरोबर! राखणदारान् मारलान्, असं पाहिजे," दुसरा म्हणाला.

तिसऱ्याने तेच म्हणून दाखवलं. पाच-सहा माणसं बाकावर आणि उभ्याने ते वाक्य पुन्हापुन्हा घोळवत होती, क्रियापदाचं शेपूट धरून भांडत होती, आणि त्या आधीच्या शब्दाकडे एकाचंही लक्ष जाईना. मला वाटलं, ओरडून सांगावं. पण मी कोण म्हणून सांगणार? मास्तरांची बायको आमच्याच आळीतली. सरबताचे पैसे द्यायचेही विसरून मी घराकडे सुटले.

आई दारातच उभी असायची. रोजच. "आज काय बोलली गो मानसं?" मी खांबाचं सांगितलं, काष्ट्याचं सांगितलं, आज मारल्यान-मारलान् सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि आत गेली. तिची पाठ बघवेना. ती रोज थोडी थोडी खाली वाकत चालली होती, की मलाच तसं दिसत होतं कोण जाणे.

पाचव्या दिवशी, मंगळवारी, मी खोटं बोलले.

म्हटलं, "आई, आज एक म्हातारा भेटला. हेदवीकडचा. धोतर, डोक्याला टोपी. तो म्हणाला, पिक्चरवाल्यांना काय कळतंय, खोताला जागेच्या राखणदाराने मारलं."

आईचा चेहरा उजळला. निदान मला तसं वाटलं. "नेमकं काय बोलला?"

"म्हणाला, हा राखणदार नव्हे, तो राखणदार."

"राखणदारच बोलला?"

"हो ना. राखणदारच."

"हेदवीकडचा," आई म्हणाली, आणि कुकर उतरवायला गेली. मला त्या रात्री गाढ झोप लागली. आपण मोठं पुण्याचं काम केलं अशा गुर्मीत मी बुधवारी बाकावर बसायलाही गेले नाही.

गुरुवारी पिक्चरचा शेवटचा दिवस. दुपारी अडीचला मी बॅच घेत होते, आणि जिन्यात आई उभी. इस्त्रीची साडी, हातात पर्स. "चल," म्हणाली. मुलींना पानभर सराव देऊन मी तिच्यामागून निघाले.

आम्ही बाल्कनीत शेवटच्या रांगेत बसलो. खेळ बऱ्यापैकी भरला होता. शेवटचा दिवस म्हणून खेड्यांतून एसटीने आलेली माणसं खूप होती. मला पिक्चर बघायचाच नव्हता. मी आईकडे बघत होते. कोयता आला, तिने पदर मुठीत धरला. खोत पडला. "राखणदारान..." असा शब्द पडद्यावरून आला आणि आईचे हात आपसूक जुळले. तिने डोळे मिटून ते कपाळाला लावले. समोर तिचा स्वतःचा बाप खुनी म्हणून उभा, आणि ही हात जोडते! मला तिकडे बघवेना, म्हणून मी तोंड दुसरीकडे फिरवलं.

आणि मला दिसलं. आमच्या पुढच्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्या, त्यांचे हात कपाळाला. खाली, पडद्याच्या उजेडात, एका टोपीवाल्याचे हात. पलीकडे आणखी एकाचे. मग एका बाईचे, मांडीवर पोर झोपलेलं आणि एकच हात छातीशी. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. राखणदाराचं नाव निघालं की हात जोडायचे, लहानपणापासूनची सवय, त्यांना स्वतःलाही कळलं नसेल. दुसऱ्याच क्षणी सगळे हात खाली आले, आणि मग त्याच माणसांनी फाशीला टाळ्या वाजवल्या.

इतके दिवस मी बाहेर बसून लोकांची तोंडं ऐकत होते. मला हर्षवायू व्हायचा बाकी होता. बाहेर पडल्या पडल्या मी आईचा दंड धरला.

"आई, लोकांनी हात जोडले! त्या शब्दाला. तुझे डोळे मिटलेले होते, पण मी पाहिलं. पुढच्या दोघींनी, खाली पुरुषांनीसुद्धा. त्यांना कळतं गं, त्यांच्या हातांना कळतं!"

आई चालत राहिली. मच्छी मार्केटचं वळण आलं. मग म्हणाली, "तुझ्या त्या हेदवीच्या म्हाताऱ्यान् पण जोडलेन् काय?"

मी थांबले.

"त्या बाजूची मानसं त्याला जागेवाला म्हणतात, बाय. राखणदार कोण म्हणत नाय. त्याच दिवशी समजलं मला."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तू माझ्यासाठी बोललीस. कशाला बोलू?"

"ते खोटं होतं, आई. हे खरं आहे. तुझ्या गळ्याची शपथ. देवाची शपथ. राखणदाराची शपथ!" मी रस्त्यात रडत होते, लोक बघत होते, आणि ज्या आईला कुणी बघेल याची आयुष्यभर भीती वाटली, ती पदराने माझं तोंड पुसत होती.

"असू दे," ती म्हणाली. "आता पुरे. दोन बांगडे घेऊन जाऊया."

तिने बांगडे घेतले, घासाघीस करून घेतले. नंतर तिने तो विषय कधी काढला नाही आणि मला काढू दिला नाही. शुक्रवारी सकाळी मी क्लासला गेले तेव्हा टॉकीजचा माणूस शिडीवर चढून जुन्या पोस्टरवर नवीन चिकटवत होता. मी खाली उभी राहून त्याला विचारलं, हा पिक्चर परत कधी लागेल. तो म्हणाला, "ताई, आता कशाला लागतोय?"

आई जाऊन बरीच वर्षं झाली. आजोबांच्या खटल्यात चार साक्षीदार खरं बोलले आणि त्यांच्यावर सगळ्यांनी विश्वास ठेवला. मी एकदाच खरं बोलले, ज्या एका माणसाने ऐकायला हवं होतं त्याच्यासमोर. लोकांनी हात जोडले होते, आई. मी पाहिलं.